पट्टी तीच ना?

रविवारच्या मैफलीला आठवडा उरला होता, तेव्हा विठ्ठलवाडीहून आमच्या तबलजीचा फोन आला.

"ताई, संडेचं पक्कं ना? पट्टी तीच ना आपली? तुमच्यासाठी छोट्या तबल्याची चामड्याची पुडी बदलायला दिलेली, आजच आणलाय. काय बोलतोय तो, ऐकाल तुम्ही."

"हो, तीच," मी म्हणाले. फोन ठेवला आणि तिथेच अशी उभी राहिले की गॅसवरचं दूध उतू गेल्याचं मला वासावरून कळलं.

गाण्याशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. पेटीवरच्या ज्या पट्टीला आपण आपला 'सा' मानतो, ती आपली पट्टी. माझी काळी पाच, म्हणजे बायकांसाठीसुद्धा उंचच. परकरात होते तेव्हापासून तीच. तबलाही त्याच सुरात लावायचा असतो आणि एकच तबला सगळ्या सुरांत नीट बोलत नाही; उंच पट्टीला छोट्या तोंडाचा लागतो, खालच्या पट्टीला मोठ्या. फार उतरवला की त्याचा नाद बसतो. त्यामुळे पट्टी बदलायची असेल तर तबलजीला आधी सांगावं लागतं. मंचावर बसल्यावर कुणाला न कळता हळूच खाली सरकता येत नाही.

आणि माझा आवाज खाली आला होता. वर्षभर मला ते कळत होतं. पाळी थांबली, भर पंख्याखाली घाम फुटायला लागला, आणि वरच्या सप्तकातला गंधार, जो मी डोळे मिटून लावायचे, तो चिमटीत धरल्यासारखा यायला लागला. कधी यायचा, कधी नुसती हवा. तो येणार की नाही हे तोंड उघडेपर्यंत कळायचं नाही. या टांगणीपेक्षा तो एकदाचा गेला असता तरी बरं, असं मला वाटायचं.

गंमत म्हणजे हे सगळं मला पाठ होतं. माझी तिन्ही कामं गाण्याचीच. डोंबिवलीत घरी शिकवणी, अधूनमधून मैफली आणि आठवड्यातून तीन दिवस ठाण्याच्या एका कॉलेजात संशोधन. संशोधनाचा विषय काय, तर वयानुसार गायिकांच्या आवाजात होणारे बदल. पन्नाशीच्या आसपास बाईचा आवाज जाड होतो, खाली येतो, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, असा निबंध मी एका चर्चासत्रात खणखणीत आवाजात वाचला होता. नंतर चहाच्या वेळी एका बाईंनी सहज विचारलं, "आणि तुमचं काय?" मी हसून म्हणाले, "अजून तरी देवाची कृपा आहे." पुढे त्या चहाला चवच लागली नाही.

शिकवतानाही माझा तोरा तोच. कल्याणहून माझ्याकडे एक निवृत्त नर्सबाई येतात. पहिल्या दिवशी त्या रेडिओवरच्या गायिकांच्या पट्टीत गायला गेल्या, तेव्हा मी त्यांना चांगलंच झापलं होतं. घसा आपला तर पट्टीही आपली, दुसरीची कशाला ओढून आणायची? त्या बिचाऱ्या काळी चारवर, माझ्याहून एक सूर खाली आल्या आणि सुखाने गायला लागल्या. मी मात्र दारंखिडक्या लावून काळी पाचवर झगडत होते. मैफलीत मंद्रात, खालच्या सुरांत रमणारे राग निवडत होते, वरच्या स्वरांना नुसता हात लावून परत फिरत होते. एका रसिकाने तर मला गाठून सांगितलं, "आता तुमच्या गाण्यात काय ठेहराव आलाय." मी मान झुकवून नमस्कार केला. आतून मला रडू येत होतं.

हे लपवणं लोकांसाठी नव्हतंच फारसं. ते बाईंसाठी होतं. बाई म्हणजे माझ्या गुरू. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोमागे त्या एकट्या राहतात. माझं सगळं शिक्षण त्यांच्या त्या खोलीत, गाड्यांच्या हॉर्नमध्ये झालं. त्यांच्याकडचा तंबोरा काळी पाचला लागायचा आणि तिथेच राहायचा. एखादी मुलगी म्हणाली, "बाई, जरा खाली घेऊ?" तर त्या नुसत्या तिच्याकडे बघायच्या. पुन्हा विचारायची तिची हिंमत व्हायची नाही. एखाद्या गायिकेविषयी बोलताना "तिची उतरली" एवढे दोन शब्द त्या म्हणाल्या की तिचा विषय संपला, असंच आम्ही समजायचो.

त्या स्वतः मैफली करायच्या थांबल्या, तेव्हा आज मी आहे साधारण त्याच वयाच्या होत्या. अचानक थांबल्या. "खूप गायले, आता शिकवते," म्हणाल्या, आणि आम्हाला ते मोठेपणाचं वाटलं. पुढे संशोधनासाठी मी त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या कॅसेटी ऐकायला घेतल्या. तान वर चढते आणि गंधाराच्या दारात जाऊन वळते. पुन्हा चढते, पुन्हा वळते. ऐकणाऱ्याला वाटावं, काय डौलदार वळण आहे. बाईंनाही तो लागत नव्हता, हे कळलं आणि मी कॅसेट बंद केली. तेव्हापासून मला एकच भीती होती. बाईंचं झालं तेच माझं होणार, मीसुद्धा एके दिवशी काहीतरी छानसं कारण सांगून उठणार. आणि गाणं गेलं तर मी शिकवीन कशाच्या जोरावर, लिहीन तरी कुणाविषयी, हे मला कळत नव्हतं.

या रविवारी बाई येणार होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या हल्ली कुठे जात नाहीत, पण मैफल ठेवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी गाडी पाठवायची कबूल केली आणि त्या हो म्हणाल्या.

मंगळवारी नर्सबाई शिकवणीला आल्या. त्यांना तोडी रागातली एक जागा जमत नव्हती, म्हणून मी त्यांच्याबरोबर, त्यांच्याच काळी चारवर गाऊन दाखवायला लागले. गाता गाता वर गेले. गंधार लागला. सरळ लागला, न चिमटता, आणि मी त्यावर थांबू शकले. त्या गायच्या थांबल्या.

"मॅडम, तुम्ही माझ्याच पट्टीत गात जा ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्रास होत नाही यात."

"तुम्हाला काय माहीत मला त्रास होतो ते?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"अहो, इतकी वर्षं वॉर्डात काढली. माणूस दुखणं लपवतं तेव्हा मान कशी धरतं, ते दिसतंच की."

त्या गेल्यावर मी तबलजीला फोन लावला. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. तिसऱ्यांदा त्याने उचलला, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "रविवारी काळी चारचा तबला आण."

कल्याणच्या अर्ध्या गायकांना तो साथ करतो. संध्याकाळपर्यंत ही बातमी कुठवर जाईल याचा हिशोब मी करू लागले होते. मग तो म्हणाला, "बरं ताई. मोठा घेऊन येतो." का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तरी एकवेळ चाललं असतं, असं मला वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. जेवण जात नव्हतं. त्याला पुन्हा फोन करून दोन्ही तबले आणायला सांगावेत, असं रोज मनात यायचं. सांगितलं नाही, कारण मी स्वतःला ओळखते. दोन्ही असते तर बाईंना समोर बघून मी काळी पाचच घेतली असती.

रविवारी सकाळी शाळेचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. बाई पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पडदा वगैरे काही नव्हता, त्यामुळे तंबोरे सगळ्यांसमोरच लावायचे. मी खुंट्या सैल करून तारा उतरवायला लागले आणि बाईंची मान वर झाली. हॉलमध्ये लोक बोलत होते, कुणीतरी माइक ठोकून बघत होतं, पण त्यांना पहिल्या तारेलाच कळलं होतं. खुंटी दोनदा निसटली, तेव्हा तबलजीने पुढे होऊन तंबोरा धरला.

मग मी गायले. त्या पाऊण तासात मी बाईंकडे एकदाही पाहिलं नाही. मागच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली पोपडे निघाले होते, तिथे नजर लावून बसले. वर जायची वेळ आली तेव्हा सवयीने मागे फिरायची तयारी झाली, पण फिरायचं कारणच नव्हतं. गंधार लागला. मी थांबले त्यावर. लोकांनी दाद दिली. ती बाईंच्या बाजूने आली की नाही, एवढंच मी कान देऊन ऐकत होते. त्या बाजूने काहीच आलं नाही.

नंतर लोक भेटायला आले. पट्टीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाला कळलंच नसावं. बाई आत आल्या नाहीत. त्या गाडीत जाऊन बसल्या आहेत, असा निरोप आला. मी तंबोरे तबलजीच्या हवाली केले आणि धावतच जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

गाडी ठाण्याच्या वाटेला, मोठागावच्या नव्या पुलावर आली. खाली खाडीला ओहोटी होती. मी मनात उत्तरं जुळवत होते. स्वरतंतू, वय, माझा निबंध, सगळं. यातलं काही त्यांना सांगायची माझी छाती होणार नाही, हेही मला माहीत होतं.

"किती उतरवलीस?" त्यांनी विचारलं. किती ते त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

"एक सूर," मी म्हणाले. "चुकलं असेल तर बोला बाई, पण मला त्याशिवाय…"

"एकच," त्या म्हणाल्या.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मांडीवर त्यांची बोटं तंबोरा छेडल्यासारखी हलत होती, आणि मग ती थांबली.

"एका सुरासाठी मी गाणं सोडलं गं," त्या म्हणाल्या.