बारा आमेनांचा भात

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी पुढच्या खोलीत चाळीसेक घड्याळं टिकटिकत असायची आणि स्वयंपाकघरात एकही नव्हतं. तिथे वेळेचा कारभार त्याच्या बायकोकडे होता. पाण्याला उकळी आली, गॅस मंद केला, भांड्यावर झाकण पडलं, की ती डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागायची, अगदी सावकाश, आमेनपर्यंत. मग एका माणसाचं नाव घेऊन त्याचं काय दुखतंखुपतं ते देवाच्या कानावर घालायचं, की पुढची फेरी. भाताला अशा बारा फेऱ्या, अंड्यांना आठ, बटाट्यांना वीस. बटाटे असले की दूरच्या नातेवाइकांचंही भलं व्हायचं. शेवटचं आमेन ती जरा मोठ्यानेच म्हणायची आणि ते ऐकून शेजारच्या घरात ताटं मांडली जायची. गल्लीत तिला आमेनबाई म्हणत. तिला ते आवडायचं, पण आवडत नसल्यासारखं दाखवायची.

हे तिने आईकडून उचललं होतं. आईला घड्याळ वाचता येत नव्हतं, प्रार्थना मात्र तोंडपाठ. आमेनबाईला घड्याळ चांगलं वाचता यायचं, पण सवय ती सवय, आणि भात कधी बिघडला नव्हता. भाताच्या बारा माणसांचा क्रमही ठरलेला. पहिला नवरा, मग मुलगा, मग सून, असं करत नववा नंबर धाकट्या बहिणीचा. धाकटी तीन गल्ल्या सोडून राहायची.

तर या धाकटीनेच घोळ घातला. चर्चच्या भगिनी मंडळात पाळकबाई घरच्या प्रार्थनेबद्दल बोलत होत्या. आमेनबाईने हौसेने आपली रीत सांगितली. पंचवीस बायका कौतुकाने ऐकत असताना मागच्या बाकावरून धाकटी म्हणाली, "ताई, देवाला काय कुकरची शिट्टी समजलीस?"

हशा पिकला. पाळकबाईंनीही तोंडाला रुमाल लावला. आमेनबाई चहा न घेताच घरी आली. बायका हसल्या त्याचं तिला एवढं लागलं नाही. धाकटी म्हणते ते खरं असलं तर, हे लागलं. जन्मभर आपण देवाला भाताच्या भांड्याची राखण करायला उभं केलं की काय?

दुसऱ्या दिवशी तिने रागाने धाकटीला गाळलंच. अकरा फेऱ्यांत भात झाला, म्हणजे झाला नाही, दाताखाली कच्चा लागला. तिसऱ्या दिवशी तिने नववी फेरी घेतली, पण क्षमेच्या ओळीपाशी गाडी अडली. दुसऱ्याला माफ केलंय असं देवाला सांगायचं आणि मनात भांडण चालू ठेवायचं, हे काही तिला जमेना. ती तिथेच थांबून मनातल्या मनात धाकटीला झापत राहिली, लहानपणापासूनचे सगळे गुन्हे एकेक करून निघाले, आणि भात करपला. मग रोजच करपायला लागला. सून मुकाट्याने भांडं घासायची. आठव्या दिवशी नवऱ्याने गजराचं एक घड्याळ आणून ओट्यावर ठेवलं. तिने ते उचलून पुन्हा पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"याला माणसं आठवतात का?" एवढंच ती म्हणाली.

त्यात बातमी आली, की धाकटी शनिवारी कायमची मुलाकडे चालली, सहाशे किलोमीटर दूर. नवऱ्याने दोनदा सांगून पाहिलं, जाऊन ये म्हणून. ती लहान आहे, तिने यावं, असं आमेनबाईचं उत्तर. पण धाकटीही त्याच आईची लेक, ती कसली येतेय. शुक्रवार उजाडला तेव्हा मात्र आमेनबाईला धास्ती बसली. उद्या ही अशीच निघून गेली, तर बहीणही जाईल आणि ती ओळही आपल्या तोंडून पुन्हा निघायची नाही.

तिने भात ठेवला. आठ फेऱ्या बिनबोभाट झाल्या. नववीला गाडी पुन्हा अडली. तिने गॅस बंद केला, भांडं फडक्यात गुंडाळलं आणि अर्धाकच्चा भात घेऊन ती तीन गल्ल्या चालत गेली. वाटेत कोणी तरी काय नेताय म्हणून विचारलं, ते तिच्या कानातही शिरलं नाही.

धाकटीचं घर खोक्यांनी भरलं होतं, शेगडी तेवढी बांधायची राहिली होती. आमेनबाईने भांडं शेगडीवर चढवलं आणि आच बारीक ठेवली.

"चार फेऱ्या राहिल्यात," ती म्हणाली. "माझ्याच्याने पुढे जात नाही."

धाकटीने झाकण जरा सरकवून आत पाहिलं. मग सांगू लागली, की मुलाच्या घरी विजेचा कुकर आहे, बटण दाबलं की झालं, आणि सुनेने बजावलंय, तुम्ही ओट्याजवळ यायचंसुद्धा नाही.

"मीपण मोजते, ताई," ती म्हणाली. "आईसारखंच. माझ्या भाताला पहिली फेरी तुझी असते. तिथे मोजायला काही उरणार नाही. त्या दिवशी माझं जायचं नुकतंच ठरलं होतं, आणि तू एवढ्या आनंदात सांगत होतीस, ते मला बघवलं नाही."

आमेनबाईला रडूही आलं आणि रागही आला. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं तिने सुनावलंही. मग हळूच विचारलं, "देवाला चालत असेल ना गं हे?"

"आईचं चाललं होतं," धाकटी म्हणाली.

दोघींनी मिळून नववी फेरी सुरू केली. क्षमेची ओळ आली तेव्हा धाकटीचा आवाज कापला, थोरलीचा नाही. मीठ कुठल्या खोक्यात गेलं ते सापडेना, म्हणून नुसताच भात दोघींनी खोक्यांवर बसून खाल्ला, आणि त्या भगिनी मंडळातल्या कोण कशी हसली याची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसल्या.

शनिवारी धाकटी गेली. रविवारी आमेनबाईने चर्चमधली तिची जागा रिकामी पाहिली. सोमवारी भाताला उकळी येते न येते तोच फोन वाजला. भात ठेवलास का, धाकटी विचारत होती. तिकडे तिची सून कामावर गेली होती, कुकर आपला एकटाच काम करत होता, आणि ती बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा राहिला. आठ फेऱ्या थोरलीने म्हटल्या, नववीपासून धाकटीने हाती घेतल्या. नववीला तिने स्वतःऐवजी थोरलीच्या गुडघ्यांचं दुखणं देवाच्या कानावर घातलं. बारावं आमेन झालं तरी आमेनबाई डोळे मिटून तशीच उभी होती.

"ताई," सहाशे किलोमीटरवरून धाकटी म्हणाली, "आता गॅस बंद कर."