कुर्लीचा पाय
साखळीच्या बाजारात कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या टोपलीतला चिखलाचा वास आला, की नार्व्यातली ती सकाळ आठवते. काकांचा पाय खाणीवरच्या ट्रकखाली चिरडून सडत चालला होता आणि डॉक्टरांनी बजावूनही तो कापून घ्यायला ते तयार नव्हते. त्यांना आवडतं म्हणून मी कुर्ल्यांचं हुमण करायला घेतलं आणि जिवंत कुर्ल्यांवरच उकळतं पाणी ओतलं. कटकट आवाज करत त्यांनी आपले पाय आपणच गाळून टाकले. काकी म्हणाली, "अगो, आधी मारूक होयी ती. दुखला की जीव वाचवूक पाय सोडता." आतल्या खोलीतून काका ओरडले, "कुर्लीक नवो पाय फुटता. माका फुटतलो?" ‘पाय नको, तुम्ही हवेत,’ एवढंच मला म्हणायचं होतं; आम्ही दोघी कुर्ल्यांचे पाय वेचत राहिलो. चार दिवसांनी काकांना पायासकट स्मशानात नेलं.