बाबूजींची चोरी

माझे वडील पत्त्यांत चोरी करतील, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी हसले असते. आमच्या गावी, कामठ्यात, मेंढीकोटाच्या डावातली भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडे येत. शेवटी कुणाच्या हातात कोणते पत्ते उरलेत, हे ते आपले पत्ते उपडे ठेवून सांगत.

दोन वर्षांपूर्वी भावाने त्यांच्या मोबाईलवर तोच खेळ टाकून दिला. मी गोंदियाला राहते. संध्याकाळी फोन केला की ते सांगत, "आज पाच डाव जिंकलो." मी निश्चिंत. पंचाहत्तरीचा माणूस डाव जिंकतो म्हणजे डोकं शाबूत आहे. आणखी काय विचारायचं?

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर गावी गेले. दुपारी लाइट नव्हती, मोबाईलही बंद पडलेला. काकांनी पत्त्यांचा जुना जोड काढला. मी आणि बाबूजी भिडू. विरुद्ध काका आणि शेजारची मावशी.

काकांनी बदामाची राणी टाकली. बाबूजींनी बदाम नसल्यासारखी हुकमाची दुरी मारून हात घेतला. दोन हातांनंतर त्यांनीच बदामाची सत्ती टाकली.

"चोरी!" मावशी ओरडली. "आता कोठून आला जी भाऊ हा बदाम?"

काका हसले. "दादा, म्हातारपणी चोऱ्या कायले करून राहिला गा? तेही पोरीसमोर?"

मला रागच आला. "दाखवा पत्ते."

त्यांनी दाखवले. आणखी तीन बदाम होते. लपवलेले नव्हते, पुढेच होते.

"मंग राणीवर काऊन नाही टाकला?" मावशीने विचारलं.

"कोणता टाकाचा ते समजलं नाही, बाई. मोबाईलमधी तो पत्ता उजळते."

काकांनी हातातले पत्ते खाली ठेवले.

लाइट आल्यावर मी मोबाईल उघडला. खरंच, चालणारे पत्ते तेवढे उजळ, बाकी काळवंडलेले. चुकीच्या पत्त्यावर बोट ठेवलं तर तो हलतच नाही. तिथे चोरी करताच येत नाही. दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि मी रोज शाबासकी देत होते. आणि हा माणूस कालपर्यंत मोटरसायकलवर बाजार करून येत होता.

मी किल्ली खुंटीवरून काढून पर्समध्ये टाकली.

"काऊन?" बाबूजींनी विचारलं.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ. मग पाहू."

ते वाद घालतील म्हणून मी तयार होते. त्यांनी जोड माझ्यापुढे सरकवला. "मंग आता पीस."

काका आणि मावशी अजून उठले नव्हते. मी पिसून वाटले. तिसऱ्या हाताला बाबूजींनी पुन्हा चोरी केली. या वेळी कोणी ओरडलं नाही.