न दिलेला फॉर्म

कच्छकडे गोळीबार झाला त्या उन्हाळ्यात तोफांच्या सरकारी फॅक्टरीतला ओव्हरटाइम सुरू झाला, तो थांबेचना. बाबा सकाळच्या भोंग्याआधी आमच्या घमापूर मोहल्ल्यातून सायकलवर निघायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे. मी नुकतीच ग्यारहवी, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, पास झाले होते, पहिल्या वर्गात. गणितात शाळेतून पहिली. मला सायन्स कॉलेजात जायचं होतं. तिथं मुली मोजून पाच-सहा असतात हे ठाऊक होतं, आणि त्याचं मला काहीच वाटत नव्हतं.

फॉर्म मी स्वतः भरला. खाडाखोड होऊ नये म्हणून आधी पाटीवर लिहून पाहिला. बाबांनी सही केली. नेऊन द्यायचं तेवढं राहिलं. बाबांना सुट्टी मिळेना, आणि एकटी पोर मुलांच्या कॉलेजात कशी जाणार, म्हणून तो मोठेबाबांकडे गेला. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्याच फॅक्टरीत ऑफिसात बाबू होते. एका घरात दोन भावांचे संसार होते, चूल एकच, आणि शब्द त्यांचाच चालायचा.

"चिंता काहून करतेस? उद्या ऑफिसातून परस्पर जातो," ते म्हणाले आणि फॉर्म पिशवीत ठेवला.

यादी लागली त्या दिवशी मी आईला घेऊन कॉलेजात गेले. फळ्यावरची यादी तीनदा वाचली. मग खिडकीशी जाऊन विचारलं. तिथल्या बाबूंनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, "बिटिया, इस नाम का फॉर्म तो आया ही नहीं."

घरी मोठेबाबा म्हणाले, "मी तर दिला होता. हरवला असेल त्यांनी. चलो, जे झालं ते झालं. मुलींच्या गृहविज्ञान कॉलेजात अजून जागा आहेत." बाबा मान खाली घालून जेवत होते. एवढंच म्हणाले, "दादा म्हणतात तसं कर."

मी गृहविज्ञानाला गेले. पहिले दोन महिने एक अक्षर मनापासून वाचलं नाही.

सप्टेंबरात लढाई पेटली. संध्याकाळी ब्लॅकआउट, आणि आमचं गाव तर फॅक्टऱ्यांचं, म्हणून बॉम्बची धास्ती जास्त. खिडक्यांच्या काचांना कागद लावायचे होते. काळा कागद सदर बाजारात सुद्धा मिळेना. मोठेबाबांनी आपल्या ट्रंकेतून रद्दीचा गठ्ठा काढून दिला आणि म्हणाले, दोन-दोन थर लावा. मी पिठाची खळ करून घेतली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी गठ्ठ्यातून कागद काढत होते, तर माझंच अक्षर समोर आलं. फॉर्म. त्याला टाचलेली गुणपत्रिकेची नक्कलही तशीच. त्यांनी तो फाडला नव्हता, लपवलाही नव्हता. गठ्ठ्यात टाकला होता आणि विसरून गेले होते. हे विसरणं मला जास्त लागलं.

मी कोणाला हाक मारली नाही. त्या काचेला आधी एक साधा कागद लावला आणि त्याच्यावर फॉर्म, अक्षरं आत येतील असा. कोपरे नीट दाबले. मोठेबाबा ज्या पाटावर बसत त्याच्या बरोबर समोर.

दोन दिवस त्यांचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाताचा घास हातातच राहिला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वरण वाढत होते. "अजून देऊ?" मी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाट उलट्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून मांडायला लावला. लढाई थांबली, बाकीच्या काचांचे कागद निघाले. तो मी निघू दिला नाही.

फॉर्म न देण्याचं कारण पुढे आईकडून कळलं. मोठेबाबांचा मोठा मुलगा त्याच सायन्स कॉलेजात दोनदा नापास होऊन फॅक्टरीत लागला होता. "माझ्या पोराला जिथं जमलं नाही तिथं ही जाऊन मिरवणार?" असं ते बाबांना म्हणाले होते. म्हणजे बाबांनाही ठाऊक होतं. बाबांवर मी रागावले, पण तो राग टिकला नाही. मोठेबाबांवरचा मात्र टिकला, आणि त्याच रागावर मी शिकले. खोटं कशाला सांगू?

कॉलेजात रसायनाच्या एक बाई होत्या. मी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते हे त्यांनी हेरलं होतं. एकदा थांबवून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जो नहीं मिला उसका रोना बाद में. यहाँ जो है, वो तुमने पूरा ले लिया क्या?" मी घेतलं नव्हतं. मग घ्यायला लागले. अन्नाचं रसायन, कपड्याचे धागे, रंग, जंतू, आहाराचे तक्ते, जे असेल ते. प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी जायची, शेवटी निघायची. दुसऱ्या वर्षी अन्नातली भेसळ ओळखायला शिकले. मोठेबाबांना आपल्या बाजारहाटाचा फार अभिमान होता. हळद ते एका ओळखीच्या दुकानातूनच आणायचे. मी बाईंना विचारून थोडं आम्ल घरी आणलं आणि पाहुणे बसलेले असताना ती हळद बशीत घेतली. रंग गुलाबी झाला. वरून पाणी घातलं तरी गेला नाही. "खरी हळद असती तर हा रंग पाण्यानं गेला असता," मी म्हटलं. "हिच्यात रंग मिसळलाय." पाहुणे हसले. मोठेबाबा उठून आत गेले. मला दिवसभर गोड वाटत राहिलं.

पण मला याहून मोठं काही हवं होतं. ते माझ्या तिसऱ्या वर्षी मिळालं. मोठेबाबांची धाकटी मुलगी ग्यारहवी पास झाली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शांत पोर, माझ्या मागे मागे असायची. मोठेबाबांनी जाहीर केलं की ती गृहविज्ञानालाच जाईल. मी सायन्स कॉलेजचा फॉर्म आणला.

"ताई, मला तुझ्याच कॉलेजात यायचं आहे, शिवण शिकायला," ती म्हणाली.

"तुला काय समजतं? सही कर," मी म्हटलं.

पालकाची सही हवी होती. मोठेबाबा कागद वाचल्याशिवाय सही करत नसत. मी वाट पाहिली. एके दिवशी त्यांच्या चष्म्याची काडी तुटली आणि चष्मा आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात दुरुस्तीला गेला. त्या सकाळी ते कामावर निघाले असताना मी फॉर्म पुढे केला. "रेशन कार्डाचं आहे," म्हटलं. त्यांनी सही केली. दुपारी मी सायकलवर जाऊन फॉर्म दिला आणि पोचपावती घेतली.

तिचं नाव यादीत आलं. घरी कळायच्या आधी फॅक्टरीत कळलं, कारण त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा त्याच यादीत होता. सगळ्या ऑफिसानं त्यांना घेरलं. बाबूजी, लडकी साइंस कॉलेज में, मिठाई कहाँ है! चार लोकांसमोर नाही कसं म्हणणार? पेढे वाटून घरी आले. उरलेला पुडा माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं, "तू केलंस?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही विसराल म्हणून मीच नेऊन दिला."

आयुष्यात एवढं समाधान मला फार कमी वेळा झालं आहे.

ती मात्र त्या कॉलेजात बुडाली. वर्गात तीन मुली. मागून मुलं बाकं वाजवायची. भौतिकशास्त्र तिच्या डोक्यावरून जायचं, हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत तिला प्रश्नच कळेना. मी तिला रोज घेऊन बसायची, समजलं नाही की ओरडायची. पहिल्या वर्षी नापास झाली. मी पुन्हा बसवली. पुन्हा नापास. निकालाच्या दिवशी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "अभ्यास काहून नाही केलास?" तिनं ओला टॉवेल बादलीत टाकला.

"बाबांनी तुला नाही विचारलं. तू मला नाही विचारलंस. तुम्ही दोघं आपसात लढून राहिले, आणि मी मधात." तिचा आवाज चढला नव्हता. "मला शिवण शिकायचं होतं, ताई. मी तुला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

त्या जुलैत ती गृहविज्ञान कॉलेजात आली. मी तेव्हा तिथंच एम.एस्सी. करत होते. फॉर्म तिनं एकटीनं भरला आणि द्यायलाही एकटीच आत गेली. मोठेबाबा आणि मी बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो, दोन टोकांना. कित्येक वर्षांत आम्ही दोघं असे एकटे बसलो नव्हतो.

"दोन वर्षं वाया गेली पोरीची," शेवटी ते म्हणाले.

"हो. ती माझ्यामुळे गेली," मी म्हटलं. "तिची माफी मी मागितली आहे. तुम्ही माझी मागितली का?"

ते उठले, समोरच्या टपरीवरून दोन ग्लास चहा घेऊन आले आणि एक माझ्या बाजूला ठेवला. माफी त्यांनी मागितली नाही, तेव्हाही नाही आणि मरेपर्यंतही नाही. मी ग्लासाला हात लावला नाही. चहावर साय धरली.

ती पावती हलवत बाहेर आली, हसत. दोन वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बाकावरचा तो थंड चहा उचलून उभ्या उभ्याच पिऊन टाकला.