माझ्या नावावरचा कोळशाचा ट्रक

ब्रह्मपुरीत मी शाळेची व्हॅन चालवते. गेल्या उन्हाळ्यात शाळेने सगळ्या चालकांची लायसन्सं ऑनलाइन तपासली आणि मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. "बाई, तुमचं लायसन्स निलंबित दाखवून राह्यलं. काऊन सांगितलं नाई?"

सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं. माझ्या नावाने आजवर दंडाची साधी पावती फाटली नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि मी व्हॅनची चावी दिली.

घरी नवरा म्हणाला, "एजंटाले सांगू, तो मिटवून टाकते."

मिटवायला मी केलं काय होतं? त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही.

मोबाइलवर नुसतं 'निलंबित' येत होतं, कारण नव्हतं. कारण हवं तर लायसन्स जिथून काढलं, त्या कार्यालयात अर्ज करून रेकॉर्डचा उतारा मागायचा. माझं माहेर चामोर्शीचं, त्यामुळे लायसन्स गडचिरोलीचं. प्रवासी जीपने तिथल्या आरटीओत गेले. खिडकीतल्या बाबूने अर्ज वाचला आणि विचारलं, "गाडी चालवते कोण? घरधनी?"

"मी."

"मंग तुमच्या लायसन्सवर त्यायनं तं नाई ना चालवली?"

तिथेच माझं डोकं तापलं. तरी सही केली, कारण कागद हवा होता.

उतारा मिळायला आणखी दोन खेपा झाल्या. त्यात लिहिलं होतं, माजरीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमध्ये जादा भार, म्हणून लायसन्स निलंबित. मी माजरी पाहिलेलीही नाही. आणि त्याच कागदावर वरच्या बाजूला होतं की मला फक्त हलकी वाहनं चालवायची परवानगी आहे.

"हे दोन्ही तुम्हीच छापलं," मी म्हटलं. "ट्रकचं लायसन्सच नाही, तर निलंबित काय केलं?"

बाबूने कागद उलटसुलट पाहिला. "नंबर टाकताना एखादा आकडा चुकला असंल. सिस्टममध्ये तसंच येऊन राह्यलं, बाई."

"मग तसं लिहून द्या. चूक कार्यालयाची."

"तसं नाई देता येत."

मी खिडकीसमोरून हलले नाही. मागची माणसं कुरकुरायला लागली, तेव्हा त्याने मला आतल्या साहेबांकडे नेलं. साहेबांनी चालानाचा कागद मागवला. त्यावर ट्रक चालवणाऱ्या पुरुषाचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. निलंबन रद्द झालं. नव्या उताऱ्यासोबत पत्र मिळालं, 'नोंद अद्ययावत करण्यात आली आहे.' चूक हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

"झालं ना काम," बाबू म्हणाला. "आता कशाले रागावता?"

शाळेने चावी परत दिली. एका मुलीची आई मात्र अजून तिला व्हॅनमध्ये न बसवता स्वतःच्या स्कूटीवर सोडते. मी त्या आईला उतारा दाखवायला गेले होते. "असू द्या बाई," म्हणाली, आणि कागद हातातही घेतला नाही. तिचा राग येत नाही, असं मी लोकांना सांगते. येतो.