भीमराव मिस्त्रींचं पाणी

जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगावर रुईची बारीक लव बसते. कितीही झटका, कानामागे थोडी उरतेच. तिथल्या किश्श्यांचंही तसंच. सत्तरच्या दशकात मी मंगरूळपीरच्या एका जिनिंगमध्ये हजेरी क्लार्क होतो. मालक माणूस चांगला, पण जिवाला घोर फार. सकाळी फाटकातून आत येताच विचारायचे, "सगळं ठीक हाय ना?" अन् आम्ही 'हो' म्हटलं की आणखीच घाबरायचे!

*

भीमराव मिस्त्री आमचे इंजिन ड्रायव्हर. सरकीपासून रुई वेगळी करणारे सगळे रेचे त्यांच्या एका ऑइल इंजिनावर चालायचे. इंजिन थंड ठेवायला विहिरीचं पाणी लागायचं, अन् गरम झालेलं पाणी नाल्यात वाहून जायचं.

एका उन्हाळ्यात, सीझन संपल्यावर, मिस्त्रींनी नाली खोदून ते पाणी हौदाकडे वळवलं. हौदात निवलं की पुन्हा इंजिनात!

मालक म्हणाले, "मिस्त्री, विहीर गच्च भरेल हाय. कायले एवढा खटाटोप?"

"भरेल हाय म्हणूनच करून राह्यलो, मालक. आटल्यावर काय वळवू?"

मालकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळपर्यंत मला तीनदा विचारलं, "आटन म्हंते का हो तो?"

*

पश्चिमेच्या कुंपणाला कडुनिंबांची दाट रांग होती. आवार वाढवायचं म्हणून मालकांनी ती तोडायचं ठरवलं. लाकडाचा ठेकेदार मापं घ्यायला आला.

जनाबाई ही कापूस निवडणाऱ्या बायांची मुकादम. तिनं निंबाखाली बसलेल्या सगळ्या बाया उठवल्या अन् थेट मालकांच्या ऑफिसात नेऊन बसवल्या. कोणी दारात, कोणी कपाटाला टेकून, दोघी टेबलाखाली!

"हे काय, जनाबाई?"

"सावली पाहून राह्यलो, मालक. झाडं गेल्यावर इथंच बसाचं हाय ना?"

ठेकेदाराला 'पुढच्या वर्षी ये' म्हणून सांगितलं.

*

कापसाला एक ठिणगी पुरते. म्हणून विम्याचे साहेब तपासणीला यायचे, आगीसाठी हौद भरलेला आहे का ते पाहायला.

साहेबांनी हौद पाहिला. म्हणाले, "आज भरलाय, पण रोज भरलेला असतो कशावरून?"

मालकांचा चेहरा पांढरा! तेवढ्यात जनाबाई ओरडली, "साहेब, गावातल्या त्या भुऱ्या म्हशीले विचारा! रोज दुपारी येते, एक दिवस तहानलेली गेली नाही!"

साहेब पोट धरून हसले अन् सही करून गेले. मालक मात्र माझ्या कानाशी आले, "अशी किती पिते हो ते म्हैस?"

*

आणि तपासणीनंतरच्याच चैत्रात ते झालं. रेच्यात खडा अडकला, ठिणगी उडाली अन् भर दुपारी आवारातल्या रुईच्या ढिगानं पेट घेतला. दहा पावलांवर कापसाची मोठी गंजी. बाहेर रस्त्यावर वारा पत्रे उडवत होता, पण निंबांच्या रांगेआड त्याचा निम्मा जोर मोडला होता. आम्ही हौदापासून गंजीपर्यंत ओळ धरली. बादल्या, घमेली, जेवणाचे डबे, हाती लागेल ते! तासाभरानं आग विझली. ढीग गेला, गंजी वाचली.

मालक काजळी माखल्या तोंडानं बसले होते. तमाशा पाहायला आलेला तोच ठेकेदार जवळ जाऊन म्हणाला, "मंग मालक, झाडाचा सौदा कधी करता?"

मालकांनी पायातली चप्पल काढली. ठेकेदार फाटकाबाहेर पोचेपर्यंत थांबला नाही!

*

मग बहात्तरचा दुष्काळ. गावातलं दुसरं जिनिंग पाण्यावाचून बंद पडलं. आमचं चालू होतं, कारण तेच ते पाणी फिरत होतं. पण विहीर खाली खाली चालली होती. मिस्त्री रोज सकाळी आत डोकावायचे.

एक दिवस मालक घाईनं इंजिनघरात शिरले.

"मिस्त्री, वैनी कोरड्या नाल्यात झिरा उकरून, झिरपेल तेवढं पाणी भरून राह्यल्या व्हत्या. घरी पाणी नाही?"

"नाही."

"अन् तुमी दिवसभर या विहिरीवर! एक घागर काहून नाही नेली?"

मिस्त्री इंजिन पुसत राहिले. "इंजिनाचं हाय ते, मालक. रेचे बंद पडले त इतक्या बायांनी जावं कुठं?" फडकं झटकून म्हणाले, "अन् विहीर तुमची हाय."

मालक दारापर्यंत जाऊन परत आले. मग विचारलं, "रोज किती वेळ इंजिन बंद ठेवलं त वस्तीले पाणी पुरन?"

"सकायचे दोन तास."

"ठेवा मंग."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. जिनिंगभोवतालची सगळी वस्ती आली, सगळ्या जातींची. मिस्त्रींची बायको शेवंताबाईही आली, अन् लहानपणापासूनच्या सवयीनं विहिरीपासून दूर, घागर जमिनीवर ठेवून उभी राहिली. कोणीतरी वरून ओतेल म्हणून.

रांगेतली माणसं मालकांकडे पाहू लागली.

मालक चिखलातून गेले अन् बादलीचा दोर तिच्यापुढे धरला. "वैनी, मले काही काढता येत नाही. तुमीच काढा."

शेवंताबाईनं दोराकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. पदर खोचला अन् विहिरीच्या ओट्यावर पाय ठेवला.