एका दमात एकशे पंचावन्न

भावकू बेळगुंदीचा. चार भावांत वाटून जमीन एवढीशी राहिली, म्हणून विसाव्या वर्षी तो बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या क्लबात मार्कर म्हणून लागला. मार्कर म्हणजे काय, तर स्नूकरच्या टेबलाशी उभं राहायचं, काठीला खडू लावून द्यायचा, पडलेला चेंडू जाळीतून काढायचा, गुण मोठ्यानं सांगायचे आणि बाकीचा वेळ तोंड मिटून भिंतीला चिकटायचं. हे सगळं त्याला जमलं. तोंड मिटणं तर नको तेवढं जमलं.

तिथं त्याच्या आधी मष्णू नावाचा मार्कर होता. एकदा एका साहेबाची बाही चेंडूला लागली, तर ह्या शहाण्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, साहेब, चुकलंय तुमचं. चुकलंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मष्णू घरी बसला तो बसलाच. भावकूनं हे डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तेव्हापासून साहेब म्हणेल ती पूर्व दिशा.

पण माणसाचं डोकं काय भिंतीला चिकटून बसतंय होय? उभ्या उभ्या भावकू मनात खेळ मांडायचा. लाल चेंडू पंधरा, दर लालला एक गुण. बाकी रंग सहा, त्यांना दोनपासून सातपर्यंत, काळ्याला सगळ्यांत जास्त, सात. एक लाल पाडला की एक रंग पाडायचा. रंग परत टेबलावर येतो, लाल येत नाही. लाल संपले की सहाही रंग ओळीनं. चेंडू पडायचा चुकला की दम संपला, पाळी दुसऱ्याची. एवढ्यावर तो कोडी रचायचा आणि खडेबाजारातल्या चहाच्या दुकानात दुपारी मित्रांना घालायचा. मित्र म्हणजे साहेबांचे आचारी, शिंपी, घोडेवाले. टेबलावर शेंगदाणे मांडून भांडायचे नुसते.

तीस सालच्या उन्हाळ्यात तिथं निपाणीचा वर्धमान आला. तंबाखूच्या वखारीत वजनं लिहिणारा, जैनाघरचा किडकिडीत तरुण. वखारीच्या मापांवर सरकारी शिक्का मारून घ्यायला आलता आणि चहाला थांबलता. भावकूनं कोडं घातलं: पाच चेंडू पडले, गुण झाले सतरा, तर रंग कुठले? बाकीचे शेंगदाणे मोजत बसले. वर्धमाननं खेळ काय आहे एवढं विचारून घेतलं आणि बशीतला चहा फुंकत म्हणाला, तीन लाल आणि दोन काळे, दुसरं काय असणार. भावकूला वाटलं, आयुष्यभर मुक्यांच्या गावात राहून आज कुणीतरी आपली भाषा बोललं.

मग बारा वर्षं टपालाची कार्डं चालली. भेटी म्हणाल तर तीनच. वर्धमाननं स्नूकरचं टेबल जन्मात बघितलं नाही. काळ्या माणसाला आत सोडायचे तर हातात झाडू नाहीतर खडू पाहिजे. पण भावकू कार्डावर एकेक नियम कळवायचा आणि हा त्यावर असली कोडी रचायचा, की भावकू चार चार दिवस जेवताना थांबायचा. भावकूची बायको मालुबाई म्हणायची, त्या निपाणीकराशीच लगीन करायचं हुतंसा. कार्डावर नमस्कार नाही, खुशाली नाही. जागा कशाला वाया घालवायची? नुसते रंग आणि आकडे.

आता सांगा, बेचाळीस सालात असलं कार्ड कुणाच्या हाती पडलं तर काय होईल?

त्या पावसाळ्यानंतर निपाणीकडं तारा तुटत होत्या, टपालाच्या थैल्या जळत होत्या, आणि पोलीस टपाल फोडून वाचत होते. वर्धमानचं कार्ड फौजदाराला घावलं. त्यावर एवढंच होतं: 'लाल पंधरा. काळा सतरा वेळा. एका दमात एकशे पंचावन्न. कसे?' फौजदारानं डोकं चालवलं. लाल म्हणजे माणसं, काळा म्हणजे अंधार, आणि एकशे पंचावन्न हा तारेच्या खांबाचा नंबर. वर्धमानला चौकीत बसवून तो कार्ड घेऊन क्लबात आला, कारण पत्त्यावर भावकूचं नाव होतं.

क्लबाचे सेक्रेटरीसाहेब खेळणारे होते. त्यांनी कार्ड मोठ्यानं वाचलं, हसले, मग गंभीर झाले. फौजदाराला त्यांनी समजावलं: पंधरा लाल, दर लालमागं काळा, म्हणजे पंधरा आठे एकशे वीस. शेवटच्या सहा रंगांचे सत्तावीस. झाले एकशे सत्तेचाळीस. एका दमात ह्याच्यावर एक गुणसुद्धा कुणाच्या बापाला मिळत नाही. म्हणजे हा खेळ नव्हे, दुसरंच काहीतरी आहे.

भावकू दाराशी उभा होता. त्यानं कार्ड ऐकलं आणि साहेबाचं बोलणं संपायच्या आत उत्तर त्याच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. समोरच्याकडून चूक झाली आणि लाल चेंडू बाकीच्यांच्या आडाला गेले, तर दुसऱ्या एखाद्या रंगाला लाल समजून मारायची मुभा असते. त्याचा एक, त्यावर काळ्याचे सात. आठ गुण फुकटचे. एकशे सत्तेचाळीस आणि आठ, एकशे पंचावन्न! हा नियम भावकूनंच गेल्या साली कार्डावर कळवला होता, आणि टेबल न बघितलेल्या त्या पठ्ठ्यानं त्यातून हे काढलं होतं. इतकं देखणं कोडं आजवर कुणी घातलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या अवस्थेतही भावकूला आनंदानं भरून आलं.

फौजदारानं विचारलं, साहेब म्हणतात ते बरोबर आहे का?

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, होतंय असं. बस. पण बोलायचं म्हणजे फौजदारासमोर साहेबाला त्याच्याच खेळात खोटं पाडायचं. घरी मालुबाई, दोन पोरी, आणि कार्डावर स्वतःचं नाव.

"व्हय," भावकू म्हणाला. "असं हुईत न्हाय."

मग हे कार्ड काय आहे, असं विचारलं तर म्हणाला, तो कायबाय धाडतोय, मला त्यातलं कळत नाही. साहेबांनी ग्वाही दिली की आमचा मार्कर भला माणूस आहे. फौजदार गेला. वर्धमानला तुरुंगात टाकलं.

भावकूनं मनाची समजूत घातली, की चार दिवसांत सुटेल. चार दिवस झाले. मग ठरवलं, साहेब एकटे असताना सांगू. साहेब एकटे दहा वेळा सापडले. दर वेळी भावकू काठीला खडू लावून हातात द्यायचा आणि मागं सरायचा. अरे, लाज कशी वाटली नाही! वाटत होती. रोज वाटत होती. पण लाजेनं तोंड उघडत असतं तर काय पाहिजे होतं. पुढच्या वैशाखात हगवणीनं वर्धमान तुरुंगातच गेला.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी वर्धमानची बायको ब्राह्मी क्लबाच्या मागच्या फाटकाशी आली. भावकू तिला ओळखत नव्हता. तिनं नाव-गाव सांगितलं. त्याला वाटलं, ही आता तळपट करणार आपलं. करू दे, असंही वाटलं.

ती शांतपणे म्हणाली, "शेवटी एकदा भेटू दिलं मला. फौजदारानं त्यांना सांगितलंतं, तुझा मार्करच असं हुईत न्हाय म्हणतोय. ते म्हणाले, भावकूअण्णा न्हाय म्हणतोय म्हंजे माझंच चुकलंय. त्यानं टेबल बघितलंय, मी न्हाय. फरशीवर कोळशानं रोज मांडून बघत हुते, पर चूक घावली न्हाय त्यास्नी. तुमची माफी मागायला सांगितलीया. चुकीचं कोडं धाडून तुमास्नी साहेबाम्होरं उभं केलं म्हणून."

भावकूनं फाटकाची सळई धरली.

"वैनी, त्याचं चुकलं न्हवतं," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. जादा चेंडू, आठ गुण, फौजदार, साहेब, आपलं ते एक वाक्य, काही लपवलं नाही.

ब्राह्मीनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"हे त्यास्नी कळाय पाहिजे हुतं, अण्णा," एवढंच म्हणाली, आणि निपाणीच्या मोटारीकडं चालू लागली.